खाणीत रमलेलं रेनडिअर

खाण वाढवायची की नाही, यावर गावच्या सभागृहात सुनावणी होती. रेनडिअर पाळणाऱ्यांच्या वतीने मी बोलणार होतो. मला कुणी निवडलं वगैरे नव्हतं. बाकीचे कळपामागे डोंगरात होते आणि मी कंबर धरल्यामुळे घरी पडून होतो. पण आईने शिवलेला निळा सणाचा अंगरखा चढवला आणि मला वाटायला लागलं, अख्खं उत्तर स्वीडन आता माझ्याच खांद्यावर आहे.

भाषण मात्र खरं होतं. सुरुंगाचे हादरे, ट्रकांची धूळ, बर्फातलं दगडफूल, म्हणजे हिवाळ्यातला चाराच, पण धुळीने माखलेला, जो जनावरं नुसता हुंगून सोडतात; खाण टाळून लांबच्या वाटेने जाताना गाभडणाऱ्या माद्या. शेवटी टेबलावर हात आपटून मी म्हणालो, "रेनडिअर खाणीच्या आसपासही फिरकत नाही."

खाणीतर्फे आलेल्या सोल्वेगबाई शांतपणे उठल्या. "मग हा कोण?"

भिंतीवर फोटो उमटला. खाणीच्या कँटीनच्या दारात एक धष्टपुष्ट रेनडिअर रवंथ करत उभं होतं.

"शेजारच्या गावाचं असेल," मी म्हणालो.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या लासेने चष्मा सारखा केला. "कान बघ की, पेर-ओला. त्यावरची खूण तुझीच आहे."

सभागृह हसलं. तो माझा चाप्पे होता, बर्फगाडी ओढायला माणसाळवलेला. तो कळपाबरोबर डोंगरात आहे, अशी माझी समजूत.

तेवढ्यात मागून माझी बायको इंगा उठली. ती खाणीत ट्रक चालवते. बर्फावर पाऊस पडून सगळं गोठलं, चराई संपली, तेव्हा कळपाचा चारा तिच्या पगारातून आला. एवढी एक गोष्ट मी भाषणात घ्यायची विसरलो होतो.

"त्याला पाव मीच घालते," ती म्हणाली. "तो हावरट आहे, नवऱ्यासारखा. बाकीचा कळप कुठाय, ते विचारा. पूर्वी वसंतात तो आमचा रस्ता ओलांडायचा, आता तिथे एक खूर उमटत नाही. मला खाण हवीय. पण कळप जाईपर्यंत ट्रक थांबवा ना. आम्ही बसू कॉफी पीत."

निकालात माझं एकही वाक्य आलं नाही. खाण वाढली, पण स्थलांतराच्या काळात सुरुंग आणि ट्रक बंद, ही अट पडली.

चाप्पेला आणायला कँटीनवर गेलो, तर त्याने तोंड फिरवलं. आचाऱ्याने माझ्यापुढेही ताट ठेवलं. मी नको म्हणालो आणि दोनदा वाढून घेतलं.

वसंतात ट्रक अडवायला लाल झेंडा दाखवणारा माणूस हवा होता. कंबरेमुळे मोकळा असा मीच. पगार खाणीचा, जाकीटही खाणीचं.

माद्या बिचकत बिचकत, माना खाली घालून रस्ता ओलांडत होत्या. सगळ्यात पुढच्या ट्रकमधून इंगाने काच खाली केली.

"साहेब, कॉफी संपली. जाऊ का?"

"थांब. एक लंगडी मागे राहिलीय."

तिने इंजिन बंद केलं.