झाकणाखालचं पत्र

बाबा वारल्यापासून नऊ दिवस त्यांचा लॅपटॉप झोपलेला होता. झाकण मिटलेलं, वायर भिंतीत, आणि कडेचा बारीक दिवा उजळायचा, मावळायचा. आई त्या टेबलापाशी केर काढतानासुद्धा आवाज करत नव्हती.

"डॉक्टर आले तेव्हा हे तुलाच काहीतरी लिहीत होते," तिने मुलाला सांगितलं. "झाकण लावलं आणि म्हणाले, उरलेलं मग लिहितो."

मुलगा ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचा. बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून फुकटातलं लिनक्स घातलं ते त्यानेच. वर फुशारकी मारली, की आता दहा वर्षं बघायला नको. कसलं काय! मशीन झोपायचं झकास, पण उठवलं की स्क्रीन काळीठिक्कर. बाबांचा जन्म प्रुफं तपासण्यात गेलेला. असली चूक त्यांना सोडवेना. ते फोन करकरून विचारत राहिले. शेवटच्या फोनवर हा खेकसला, "बाबा, माझं डोकं खाऊ नका! नवीन घ्या!" त्यांच्याशी त्याचं शेवटचं बोलणं ते. आता त्याला एवढंच कळायला हवं होतं, की बाबा रागावून गेले का.

पत्र सेव्ह केलेलं नव्हतं. ते नुसतं मेमरीत होतं, आणि बॅटरी मेल्यामुळे मेमरी त्या वायरवर तगून होती. मशीन बंद करून नव्याने सुरू केलं की पत्र गेलं.

भर दुपारी त्याने झाकण उघडलं. आत पंखा घुरघुरला. स्क्रीन काळीच. अक्षरं असतील, नुसता स्क्रीनमागचा दिवा लागत नसेल, म्हणून त्याने खिडकीचे पडदे ओढले आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. त्या काळोखातून पुसट अक्षरं वर आली, तसा तो वाकून वाचू लागला.

"बाळा, तुझं खरं आहे, मी फार छळतो. म्हणून माझं मीच शोधलं. स्क्रीन काळी राहिली तर झाकण पुन्हा मिटायचं, वीस आकडे मोजायचे, उघडायचं. दर वेळी जमतं."

असला उपाय त्याने कुठे वाचला नव्हता. पण चाळीस वेळा करून बघितल्याशिवाय बाबा 'दर वेळी' लिहिणारे नव्हते. त्याने झाकण मिटलं. एकेक आकडा मोजला. वीसला उघडलं.

स्क्रीन लख्ख उजळली. टॉर्चच्या उजेडात न दिसलेल्या ओळी खाली होत्या.

"सकाळपासून छातीत दुखतंय. तुला फोन लावणार होतो. पण कामात असशील, परत चिडशील. संध्याकाळी बघू."

"लागला का रे?" आई दारात येऊन उभी राहिली. "काय लिहिलंय? रागावले नव्हते ना?"

"नाही गं," तो म्हणाला. "लॅपटॉपचंच लिहिलंय." आणि ती चष्मा लावून जवळ येईपर्यंत त्याने शेवटच्या ओळी स्क्रीनच्या खाली सरकवल्या.