दोन उपाशी माणसं

आमच्या वालुरात दुकानं सकाळी उघडतात आणि श्रीशैलचं तोंड दुपारी. तो पेंडीच्या दुकानातून घरी आला, की त्याचे वडील सिद्धलिंगअप्पा अजून आहेत हे आम्हाला भिंतीपलीकडून कळायचं.

"उठा की! सोंग करायलाव का?" मग बादली आदळायची.

गेल्या महिन्यात अप्पांच्या दंडावर बोटांचे वळ दिसले. मी तडक त्यांच्या ओसरीवर गेलो. सून त्रिवेणी ज्वारी निवडत होती.

"सूनबाई, म्हाताऱ्याला मारायलाय का तुझा नवरा?"

"मारत न्हाईत काका, ओढतेत. उपाशी असतेत."

"उपाशी? कोण, अप्पा?"

"दोघंबी."

अंघोळीशिवाय लिंगपूजा नाही आणि पूजेशिवाय घास नाही, हा दोघांचा नेम. कंबर मोडल्यापासून अप्पांना अंघोळ लेकानंच घालायची. सुनेला ते हात लावू देत नाहीत. लेकाला दुकान सकाळीच उघडावं लागतं, आणि बापाच्या आधी पूजा उरकायची नाही, हा त्या घरचा रिवाज. दुपारपर्यंत दोघंही कोरडे.

"अप्पाला वाटतंय, ह्यो दुकानात भजे हाणतोय. ह्यांना वाटतंय, मी अप्पाला चोरून च्या पाजते."

"मग सांगत का न्हाईस?"

"मला कोण इचारायलंय?"

तेवढ्यात श्रीशैल आला. मी त्याला अप्पांच्या खाटेपाशी नेलं आणि वळ दाखवले. त्यानं वळांवर आपली बोटं ठेवून बघितली.

"पोटात आग पडती काका. हात कुणाचा हाय ते कळत न्हाई."

"कळायला पायजे. पुन्हा वळ दिसला, तर भर बाजारात तुझं नाव घेऊन सांगीन."

"भजे खाऊन आग पडती व्हय?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, सकाळपून पाणीबी प्यालो न्हाई!"

अप्पांनी त्याचं मनगट धरलं. "आधी बोलला असतास की, येड्या."

आता सकाळी दुकानावर मी बसतो. श्रीशैल बापाला अंघोळ घालतो, दोघं पूजा करतात, जेवतात, आणि ठेचा तिखट झाला म्हणून मिळून त्रिवेणीला नावं ठेवतात. ती आता उलट बोलते. मी गेलो की अप्पा न विचारता बंडीची बाही वर करून दंड दाखवतात. वळ नाही.

काल एका गिऱ्हाइकाला मी सांगितलं, "ही पेंड जुनी हाय, मागच्या पोत्यातली घे."

"काका," मागून श्रीशैल म्हणाला, "उद्यापून तुमी नुसतं बसा. बोलू नका."

पोट भरलेलं होतं, म्हणून हळू म्हणाला.