सहांतली पहिली

मी कोंबडी बोलतेय. अशीतशी नव्हे, निवडलेली. दुकानातल्या खोक्यात पिवळ्या पिल्लांची नुसती दाटी होती. पण त्या मुलीचं बोट थेट माझ्यावर आलं. "बाबा, मला हीच हवी!"

"एकटी नाही मिळायची," दुकानदारीण म्हणाली. "सुट्ट्यांच्या दिवसांत कायदाच आहे तसा. घ्यायची तर सहा घ्या. आणि रंगवून मागू नका, त्यालाही बंदी आहे."

"हा कसला कायदा?"

"अहो, लोक खेळणं म्हणून एकच नेतात. एकटं पिल्लू ओरडून ओरडून मरतं."

मुलीची आई गेल्यापासून घरात ती दोघंच होती. बाबांनी मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाले, "द्या सहा."

माझा नुसता जळफळाट झाला. निवड माझी, आणि माझ्या जिवावर पाच फुकट्या निघाल्या! शेवटची तर बाईंनी न बघताच उचलली, आकडा भरायला. एका पायाने लंगडी.

आणि मुलीचा जीव जडला तो नेमका तिच्यावर. नाव ठेवलं तिरकी. शाळेतून आली की दप्तर दारात टाकायची आणि आधी तिरकीला उचलून तळहातावर दाणे भरवायची. मी पायाशी घुटमळले की, "ए, सरक गं बाई!" माझे दोन्ही पाय धड, हाच काय तो माझा गुन्हा.

मी तिरकीला टोचायला लागले. पाठीवरची पिसं उपटली. शेवटी बाबांनी मला वेगळ्या खोक्यात ठेवलं. "राहा आता एकटी, महाराणी!"

खोकं माझं, दाणे माझे, उबेचा दिवाही माझा. आधी ऐटीत बसले. मग दिवा असूनही थंडी वाजायला लागली. मी जे ओरडत सुटले!

"बाबा, ही कधी गप्प होणार?"

"कोणी सोबतीला आलं की," बाबा हळूच म्हणाले.

मुलीने तिरकीलाच आणून सोडलं. "टोचलंस तर बघ हं!" ती लंगडत आली नि माझ्या कुशीत शिरली. मी शिरू दिलं. मला ऊब हवी होती, एवढंच. माया वगैरे काही नाही.

आता आम्ही सहाही जणी अंगणात हिंडतो. सुट्ट्यांत पिल्लू आणायला गेलात, तर त्या कायद्यावर चिडू नका. सहा आणा. फक्त जिच्यावर आधी बोट ठेवलंत, तिलाही अधूनमधून मांडीवर घेत चला.

आमची मुलगी अजूनही फाटकातूनच हाक मारते, "तिरके!" तिरकी लंगडत निघते. तोवर मी पोचलेली असते.