लाल टोपी

“काका, उकडत नाही का हो? एवढ्या उन्हाळ्यात लोकरीची टोपी!” डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली.

लिफ्टवाल्यांनी डोक्याला हात लावला. टोपी होती. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला पायाखालची जमीन सरकण्याची सवय असते. पण ही थेट तळघरात गेली.

निवृत्तीनंतर त्यांना बॅटऱ्यांचा नाद लागला होता. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून टाकाऊ फोनच्या बॅटऱ्या आणायच्या, फुगलेल्या परत करायच्या आणि धडधाकट असतील त्या चार्ज करून त्यांच्यावर दिवे, पंखे, रेडिओ चालवायचे. फोन मेला तरी आतली बॅटरी पुष्कळदा ठणठणीत असते. निवृत्त माणसाला ही गोष्ट चटकन पटते.

बायकोला पटली नव्हती. तिने अट घातली होती : चार्जिंगला लावलेली बॅटरी घरात एकटी राहता कामा नये. एकदा जरी राहिली, तर बॅटऱ्यांचं अख्खं पोतं भंगारात. मग लिफ्टवाल्यांनी एक युक्ती काढली. बॅटरी लावली की चार्जरवर लाल दिवा लागतो. तो लागला की यांनी लाल टोपी घालायची. हिरवा लागला, बॅटरी काढली, की टोपी खुंटीला. टोपी डोक्यावर असताना उंबरा ओलांडायचा नाही.

आज टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवत बसला आणि टोपीसकट उंबरा ओलांडला गेला.

पोतं गेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण बायकोला अंधुक उजेडात दिसेनासं झाल्यापासून त्यांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक दिवा बसवला होता, तो याच बॅटऱ्यांवर. आणि आता तर घरच पेटायची पाळी.

बायको बाकावर डोळे मिटून बसली होती. नर्सने नुकतेच थेंब घातले होते.

“अगं, मी जरा घरी जाऊन येतो.”

“आत्ता? मला समोरची भिंत दिसत नाहीये, आणि तुम्ही निघालात?”

“पाकीट राहिलं.”

“माझ्या पर्समध्ये आहे.”

“चष्मा...”

“नाकावर असेल. बघा.”

त्यांनी चाचपला. होता.

“बॅटरी राहिली चार्जिंगला,” ते शेवटी पुटपुटले. पलीकडच्या गृहस्थांनी उगाचच आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

लिफ्टवाल्यांना दूरवर अग्निशमन दलाची घंटा ऐकू आली. ती बहुधा त्यांच्या कानातच होती.

“काढली मी,” बायको म्हणाली.

“कधी?”

“तुम्ही खिडकीतून टॅक्सीवाल्याशी भांडत होतात तेव्हा. दिवा लाल का हिरवा, मला काही कळेना. म्हटलं, असू दे, काढूनच ठेवू. गॅलरीतल्या तुमच्या त्या वाळूच्या कुंडीत आहे.”

“मग मला बोलली का नाहीस? केवढा घाम फुटला!”

“तो टोपीमुळे.” तिने डोळे न उघडता पदराने गाल टिपला. “बोलणारच होते. पण टोपी घालून ऐटीत टॅक्सीत बसलात. म्हटलं बघू, कबूल कधी करताय.”

“आणि पोतं?” त्यांनी भीत भीत विचारलं.

“बॅटरी एकटी राहिली का?”

“नाही.”

“मग झालं तर. काढा आता ती टोपी, लोक बघताहेत.”

घरी आल्यावर ते आधी गॅलरीत गेले. बॅटरी वाळूत होती. काढलेल्या बॅटरीची टोकं कशाला टेकून ठिणगी पडू नये म्हणून ते त्यांना नेहमी चिकटपट्टी लावत. बायकोला ती सापडली नसावी. तिने जखमेला लावायची पट्टी लावली होती, कडा नीट दाबून.

बॅटरी अर्धीच भरली होती. त्यांनी पट्टी काढून ती पुन्हा चार्जरला लावली, बायकोला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि टोपी तिच्या डोक्यावर चढवली.

“मला दिवा दिसत नाहीये अजून,” ती म्हणाली.

“तू नुसती बस. मी चहा टाकतो.”

स्वयंपाकघरातून त्यांना गॅलरीतले दोन लाल ठिपके दिसत होते. चहा होईतो त्यातला मोठा ठिपका एका बाजूला कलला. बायकोला डुलकी लागली होती.

चहा निवला. ते शेजारी बसून राहिले. हिरवा दिवा लागल्यावर त्यांनी बॅटरी काढली, टोपी तिच्या डोक्यावर राहू दिली, आणि बॅटरी घेऊन तिसऱ्या वळणावरचा दिवा लावायला बोडक्या डोक्याने जिना उतरू लागले.