लाल ठिपका आणि विष्णुपंतांचा हात

विष्णुपंतांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी आधी दोष दिला थंडीला, मग कपाला, मग बायकोच्या चहाला. "एवढा गच्च भरून काहून देतेस?" म्हणायचे. गंगूताई अर्धा कप देऊ लागल्या, तरी बशीत सांडायचाच. मग कुठं ते नांदेडच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हात असाच राहणार, बोटं तेवढी हालती ठेवा. दाबायला त्यांनी एक रबरी चेंडू दिला. आता सांगा, कचेरीत जन्म काढलेल्या माणसानं ओसरीवर बसून चेंडू दाबायचा म्हणजे हिंगोलीतल्या त्या गल्लीला फुकटची करमणूक. चेंडू दुसऱ्याच दिवशी कपाटावर गेला आणि तिथंच राहिला.

एरवी हे सगळं खपून गेलं असतं. पण त्याच साली, म्हणजे दोन हजार सातला, त्यांच्या लेकीचं, रेवतीचं लग्न ठरलं. मुलगा वाशिमचा, माणसं चांगली. कन्यादानाला आई पाण्याची धार धरते, ती बापाच्या ओंजळीतून लेकीच्या आणि जावयाच्या ओंजळीत पडते, आणि मधेच तुटता कामा नये अशी यांच्या घरची पक्की समजूत. विष्णुपंतांनी आपल्या ओंजळीकडे पाहिलं आणि जाहीर करून टाकलं, "कन्यादान अमृतराव करील." अमृतराव हा त्यांचा धाकटा भाऊ, वसमतला राहणारा, हात अगदी खणखणीत. रेवती आत जाऊन तांदूळ निवडायला बसली आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडून राहिली.

विष्णुपंतांना ते दिसलं. दिसून काय उपयोग? मंडपात, व्याह्यांसमोर, ओंजळीतून पाणी चहूकडे उडतंय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. लेकीचं कन्यादान आपल्या हातानं व्हावं असं त्यांना फार वाटत होतं, आणि म्हणूनच ते त्याबद्दल बोलायला गेलं की खेकसायचे.

रेवतीच्या धाकट्या भावानं, चिन्मयनं, बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. तासावर पैसे देऊन पोरं तिथं टीव्हीवर बंदुका चालवायची. विष्णुपंतांच्या मते ते दुकान म्हणजे घराण्याला लागलेला डाग. त्यातलंच एक मशीन चिन्मयनं घरी आणलं, टीव्हीला जोडलं आणि त्याचं बटणांचं कंट्रोलर बापाच्या हातात दिलं.

"चेंडू नका दाबू, हे दाबा," तो म्हणाला.

"हे लेकरांचं काम आहे."

"बघा तर खरं. लाइट जाईपर्यंत."

त्या दिवशी भारनियमन कधी सुरू झालं ते विष्णुपंतांना टीव्ही काळा झाल्यावर कळलं. तोवर त्यांना गोडी लागली होती. दुसऱ्या दिवसापासून सकाळची संध्या आटोपली की ते टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे.

"देवाचं करणारा माणूस," गंगूताई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आणि सकाळी सकाळी माणसं मारून राहिला."

"खोटी आहेत ती. उठतात परत."

मारत मात्र कुणालाच नव्हते. बंदूक निवडायची वेळ आली की ते न चुकता सगळ्यांत मोठ्या दुर्बिणीची घ्यायचे. दिसायला मोठं तर मारायला सोपं, हा त्यांचा सरळ हिशेब. दुर्बिणीतून समोरच्या शिपायाच्या मिशा दिसायच्या, पण नेमाचं वर्तुळ त्या मिशांभोवती नुसतं पिंगा घालायचं. शिपाई निवांत वळायचा आणि विष्णुपंत पडायचे.

"बाबा," चिन्मय म्हणाला, "दुर्बीण माणसाला मोठं करते, तशी तुमच्या हाताची थरथर पण मोठी करते. ही लाल ठिपक्याची घ्या. हिच्यात काही मोठं होत नाही, जिथं गोळी लागायची तिथं ठिपका दिसतो, बस. हात हलला तरी ठिपका थोडकाच हलतो. अन् लांबच्याच्या नादी लागू नका, जवळचा बघा."

विष्णुपंतांना पोराकडून शिकायची सवय नव्हती. पण चिन्मय दुकानात गेल्यावर त्यांनी गुपचूप ठिपक्याची बंदूक घेतली, आणि पहिला शिपाई पडला. मग दुसरा. दुपारी जेवताना त्यांनी भात स्वतः कालवून खाल्ला, आणि ताटाबाहेर काय सांडलं हे कुणी पाहतंय का, तेही बघितलं नाही. आठवडाभरात त्यांची मान ताठ झाली. एका सकाळी रेवती शेजारी चहा घेऊन बसली असताना ते पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "अमृतला इतक्यात काही सांगू नको. बघू. मीच करीन म्हणतो."

रेवतीनं नुसतं "बरं" म्हटलं आणि ओढणीनं डोळे पुसत उठली. विष्णुपंतांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

घोटाळा झाला तो पुढं. आवाज कमी करावा म्हणून विष्णुपंतांनी एकट्यानंच सेटिंगचं पान उघडलं. जन्मभर इंग्रजी फायली वाचलेला माणूस, तो आवाजापाशी थोडाच थांबतो? वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. एका ओळीत लिहिलं होतं, एम असिस्ट, आणि पुढं, ऑन. एम म्हणजे नेम. असिस्ट म्हणजे मदत. त्यांनी ते ऑफ केलं आणि खेळून पाहिलं. ठिपका शिपायाजवळून सटकून जायचा. एकही पडला नाही.

त्यांनी कंट्रोलर खाली ठेवलं. चिन्मय आणि रेवती घरी आल्यावर म्हणाले, "म्हणजे मी मारतच नव्हतो. मशीन मारत होतं. तुम्हा दोघांना माहीत होतं ना?"

"दुकानात पोरं ते बंद ठेवतात, शान मारायला," चिन्मय चाचरत म्हणाला. "तुमच्यासाठी मी चालू केलं होतं. रेवतीताईनंच सांगितलं."

"बापाला असं फसवतात का? अन् मी येडा, कन्यादान करायला निघालो होतो. मंडपात कुठलं बटण दाबणार आहात? अमृतला आजच कळवा."

रेवतीचा चेहरा उतरला. विष्णुपंतांना तो बघवेना, म्हणून ते भिंतीकडं तोंड करून बसले. रागापेक्षा लाजच जास्त वाटत होती त्यांना.

गंगूताई हात पुसत बाहेर आल्या. मशीनला त्यांनी आजवर नावंच ठेवली होती. आता त्यांनी विचारलं, "चिनू, ते नेमकं करतं तरी काय? गोळी तेच झाडतं का?"

"नाही आई. गोळी बाबाच झाडतात. शिपाई पण यांनाच शोधावा लागतो, ठिपका पण यांनाच त्याच्याजवळ न्यावा लागतो. पार जवळ गेला की ते ठिपक्याला थोडं सावकाश करतं, जरासं आत ओढतं. एवढंच. नेम दुसरीकडंच असला तर ते काही करत नाही."

"असं होय." गंगूताई नवऱ्यासमोर येऊन बसल्या. "मला एक सांगा. सत्यनारायणाला तुम्ही पळीनं पाणी सोडता तेव्हा गुरुजी मला काय म्हणतात?"

विष्णुपंत भिंतीकडंच बघत म्हणाले, "हाताला हात लावा म्हणतात."

"लग्न झाल्यापासून लावून राहिले. ती पूजा मग तुमची नव्हती का? माझी होती? तेव्हा नाही म्हणाले कधी, की गंगू, मला फसवलं म्हणून."

इतक्या वर्षांच्या संसारात गंगूताईंनी विष्णुपंतांना असं बिनतोड बोलून गप्प केलं नव्हतं, निदान पोरांसमोर तरी नाही. त्यांना एकदम आठवलं की हात धड होता तेव्हासुद्धा बायकोचा हात कोपराला लागला की पाणी सोडायला बरं वाटायचं. का, ते त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

ते भिंतीकडून वळले आणि म्हणाले, "चिन्मय, ते चालू कर परत." आणि मग रेवतीला, "अमृतला फोन लाव. म्हणावं लग्नाला चार दिवस आधी ये. पंगतीचं बघायला माणूस पाहिजे."

लग्न घरासमोरच्याच मंडपात झालं. गुरुजींनी कन्यादानाचा संकल्प सुरू केला तेव्हा विष्णुपंतांची ओंजळ पहिल्यापेक्षा जास्तच थरथरत होती, आणि व्याही अगदी समोर बसले होते. गंगूताईंनी उजव्या हातात झारी घेतली. डावा हात त्यांनी नवऱ्याच्या मनगटांखाली ठेवला, अगदी हलका, कुणाच्या ध्यानात येणार नाही असा. विष्णुपंतांचा हात थरथरायचा थांबला नाही. नुसता सावकाश झाला.

विष्णुपंत बायकोकडं किंचित झुकले आणि पुटपुटले, "चालू आहे ना?"

"चालू आहे. तुम्ही बराबर नेम धरा."

खाली मान घालून बसलेल्या रेवतीला ते ऐकू गेलं आणि तिला ऐन मंत्रांत हसू फुटलं. सासरची मंडळी बघतच राहिली. वरून पाणी पडत होतं, थोडं हलत, थोडं वाकडं, पण न तुटता, आणि तिची ओंजळ भरत होती. मग तिचं हसू कुठं संपलं आणि रडू कुठं सुरू झालं, ते तिलाही सांगता आलं नसतं. विष्णुपंतांनी मात्र ओंजळीवरची नजर शेवटपर्यंत हलवली नाही.