सुरुवातीची घरं

वडिलांची कागदपत्रं संग्रहालयाला द्यायचं ठरलं, तेव्हापासून धाकट्याला चैन नव्हतं. साठी जवळ आली होती, तरी घरात तो धाकटाच. वडील वास्तुविशारद होते. मोठमोठ्या इमारतींच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. आयुष्यभर त्यांनी माणसांना राहायची घरं काढली. बैठी, रुंद छपराची, खिडकीखाली बसायला कट्टा असलेली. त्या काळी लोक त्यांना खुराडी म्हणायचे. आता त्याच घरांचे फोटो काढायला परगावाहून विद्यार्थी येत, आणि संग्रहालयानं तर वडिलांच्या नावाची वेगळी कपाटंच केली होती.

नकाशांच्या गुंडाळ्या गेल्या, फोटो गेले, घरमालकांचा पत्रव्यवहार गेला. मग एके दिवशी संग्रहपाल बाईंचा फोन आला.

"सगळं लावून झालं," त्या म्हणाल्या, "पण सुरुवातीच्या घरांचं एकही रेखाचित्र नाही. पुढची सगळी आहेत, नेमकी तीच नाहीत. त्यांच्या हाताला वळण कसं लागत गेलं, ते त्यातच दिसलं असतं."

झालं. धाकट्यानं घर डोक्यावर घेतलं. माळे उपसले, पलंगाखालच्या ट्रंका ओढून काढल्या, तीच ती कपाटं पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. जेवता जेवता काहीतरी आठवे आणि तो उष्ट्या हातानं उठून जाई. नव्वदीला टेकलेली आई खुर्चीत बसून त्याची ये-जा पाहायची.

"आई, सुरुवातीच्या घरांचे कागद बाबांनी कुठं ठेवले होते?"

"तेव्हा कागद कुठले?" आई म्हणायची. "नव्हतेच."

वयाचा परिणाम, असं म्हणून धाकट्यानं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

काही सापडेना, तसा त्याचा संशय काकांकडे वळला. काका म्हणजे वडिलांचे पूर्वीचे भागीदार. दोघांनी एका भाड्याच्या खोलीत समोरासमोर टेबलं टाकून कामाला सुरुवात केली होती. पुढे कुठल्याशा जिन्यावरून त्यांचं वाजलं आणि काका आपलं टेबल हातगाडीवर घालून निघून गेले. टेबलाबरोबर आणखी काय काय गेलं असेल, ते कोणी पाहिलं होतं?

धाकट्यानं फोन लावला. आडवळणानं विचारायचं असं मनाशी ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं.

"काका, बाबांची पहिली रेखाचित्रं तुम्ही नेलीत का?"

"मी नाही नेली," काका म्हणाले.

"मग गेली कुठं? तुम्हाला ठाऊक असणारच."

"ठाऊक आहे. पण ते मी सांगायचं नाही."

"का? चोरी उघडी पडेल म्हणून?"

काकांनी फोन ठेवून दिला.

धाकटा खोलीभर येरझारा घालू लागला. बोललो ते बरोबर होतं, असं स्वतःला समजावत राहिला, पण पाय काही थांबेनात. तेवढ्यात आई काठी टेकत दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"भाऊजींना चोर म्हणालास?"

"मग काय म्हणू? बाबांची चित्रं..."

"कुठली चित्रं? ती निळ्या कापडावरची?"

धाकटा जागच्या जागी थबकला. "कापडावरची?"

"तू इतके दिवस कागद कागद करतोयस. तेव्हा ते दोघं ट्रेसिंगच्या कापडावर काढायचे. तसलं तलम सुती कापड बाजारात औषधालाही मिळत नव्हतं. घर बांधून झालं की तुझे बाबा ती गुंडाळी माझ्यापुढे टाकायचे. पाण्यात भिजत घातलं की खळ सुटायची, शाई निघून जायची. ताईचे फ्रॉक त्याचे, तुझी झबली त्याची. लोकांचे जिने नि न्हाणीघरं अंगावर घालून रांगलास तू."

"आणि बाबा काही बोलले नाहीत?"

"काय बोलणार? घर उभं राहिलं, आता हे कशाला सांभाळायचं, म्हणायचे. भाऊजीही त्यांच्या वाटणीचं कापड मलाच आणून द्यायचे."

धाकटा मटकन पलंगावर बसला.

"बसू नकोस," आई म्हणाली. "आधी त्यांच्याकडे जाऊन ये."

काकांनी दार उघडलं आणि ते आत वळले. त्यांच्या त्या टेबलावर आता औषधांच्या बाटल्या मांडलेल्या होत्या.

"आईनं सांगितलं सगळं," धाकटा उभ्या उभ्याच म्हणाला. "माझं चुकलं, काका."

"वहिनींनी स्वतः सांगितलं ना? मग ठीक."

"तुम्ही तरी सांगायचं होतं."

"काय सांगू? तुझ्या आईनं धुऊन टाकली म्हणून? उद्या तुझ्या संग्रहालयानं ते छापलं असतं. अंगावर घालायला धड नव्हतं, तेव्हा त्या बाईनं त्यात दोन पोरं झाकली." काका खुर्चीत टेकले. "आणि चोरण्याच्या लायकीची नव्हतीच रे ती. त्यातल्या दोन घरांची छपरं गळायची. धुऊन निघाली तेच बरं झालं, असं तुझे बाबाच म्हणायचे."

बोलताना ते हसले, पण धाकट्याकडे पाहून नव्हे. बसही म्हणाले नाहीत. परतताना धाकट्याला कळेना, त्यांनी माफ केलं की नुसतं वाटेला लावलं.

संग्रहपाल बाईंना त्यानं सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग एखादं झबलं उरलंय का म्हणाल्या. उरलं नव्हतं, फाटल्यावर त्यांची पुसणी झाली आणि पुसण्यांचंही पुढे काहीबाही झालं.

"घरं उभी आहेत ना अजून?" बाईंनी विचारलं. "मग मोजून पुन्हा काढता येतील. पण मूळचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे सांगणारं कोणीतरी सोबत हवं."

असा माणूस एकच उरला होता. धाकट्यानं मनाचा हिय्या करून पुन्हा फोन लावला.

"गाडी आणशील का?" काकांनी एवढंच विचारलं. "बसमध्ये चढणं मला होत नाही."

मोजायच्या पहिल्याच घरातल्या मालकीणबाईंनी दोघांना कौतुकानं आत घेतलं, खुर्च्या बाजूला सारून दिल्या. काकांनी टेपचं टोक अंगठ्यानं भिंतीला दाबून धरलं.

"ताणून धर," ते खेकसले.

धाकट्यानं ताणली. "काका, त्या दिवशी फोनवर मी जे..."

"आधी माप सांग."

धाकट्यानं सांगितलं. काकांनी ते स्वतःशी पुटपुटून पाहिलं आणि मान हलवली. "चार बोटं कमी भरतंय. ही भिंत कोणीतरी नंतर जाड केलीय. लिहून घे."

आणि तो लिहीत असतानाच काका टेपचं टोक घेऊन पुढच्या खोलीत शिरलेसुद्धा.