'सात गढ', भाग पहिला

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक जुना खेळ आहे. 'सात गढ' हे माझं नाव. त्यापुढे 'भाग पहिला' असं कुठेही छापलेलं नव्हतं. दुसरा भाग बाजारात आला, तेव्हा मी पहिला झालो.

माझा जन्म सुरतेतल्या कतारगामच्या एका लहानशा छापखान्यात झाला. पुठ्ठ्यावर नकाशा चिकटवून, वर वजन ठेवून मला वाळवलं. नकाशात सात गढ, जंगल, नदी आणि रस्ते होते. लाकडी घोडेस्वार आणि धान्याच्या गाड्या घेऊन दोघांनी खेळायचं. फासा नव्हता. कुठल्या गढाला धान्य पोचवायचं आणि कुठला सोडून द्यायचा, हे आपल्याच डोक्याने ठरवायचं. एका खेळीला कितीही वेळ घ्या, कोणी हटकत नसे.

लिंबायतच्या एका खोलीत मला धम्मपालने आणलं. तो भुसावळकडचा, कडोदऱ्याला पॉवरलूमवर कारागीर. त्याची मुलगी विशाखा चौथीत होती. बायको रूपाली बी.ए. झालेली, पण मुलीला नुसती शिंक आली तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. तेव्हा तिला वेगळीच चिंता लागली होती. धम्मपाल पहाटे डबा घेऊन निघायचा तेव्हा विशाखा झोपलेली, आणि परतायचा तेव्हाही झोपलेली. सुटीच्या दिवशी तो दुसऱ्याच्या मागावर बदली म्हणून जायचा. "ही पोरगी बापाला विसरेल एक दिवस," असं रूपाली भाकरी थापताना पुटपुटायची.

मग बापलेकीने मला पत्र्याच्या पेटीवर कायमचं मांडून ठेवलं. धम्मपाल पहाटे एक खेळी करायचा. विशाखा शाळेतून आली की ती एक करायची. एकेक डाव महिना महिना चाले. कुठली सोंगटी हलवली ते तिला कळावं म्हणून धम्मपाल त्या सोंगटीला मागावरच्या सुताचा तुकडा बांधायचा. गाठ विणकराची, नखालाही न लागणारी. विशाखा सूत बघून सांगायची, "मम्मी, काल पप्पांच्या मागावर पोपटी साडी होती!"

रूपाली माझ्यावर परात पालथी घालायची, भोवतालची धूळ पुसायची. शेजारच्या खानदेशी उषाबाई हसायच्या, "व माय, हाऊ देव शे का खेळ?" मला मात्र खरंच देव झाल्यासारखं वाटायचं.

शहाण्णव सालच्या दिवाळीत माग बंद होते. धम्मपाल चौटा बाजारात गेला. "नवो माल छे भाई, जूना करतां सारो!" जुन्यापेक्षा हा चांगला, असं दुकानदाराने सांगितलं, आणि धम्मपाल माझा धाकटा भाऊ, 'भाग दुसरा', घेऊन आला. चकचकीत डबा, प्लास्टिकच्या सोंगट्या, बॅटरीवर वाजणारी घंटी. विशाखाने तो हौसेने मांडला. नदी नव्हती. धान्य नव्हतं. गढ चारच उरले होते, नाव मात्र सातच. फासा टाकायचा आणि घंटी वाजायच्या आत सोंगटी हलवायची. नाही हलवली तर खेळी गेली.

"यात विचार कुठे करायचा?" विशाखाने विचारलं.

"खेळून तर बघू," धम्मपाल म्हणाला.

तुटलेलं सूत जोडताना त्याची बोटं विजेसारखी चालत. डोकं मात्र सावकाश चालायचं. घंटी वाजली. "पप्पा, तुमची गेली!" विशाखा हसली. पुन्हा वाजली. "पुन्हा गेली." नंतर तर तिने नुसतंच हाताने खुणावलं. ती जिंकली आणि लगेच सोंगट्या डब्यात भरू लागली.

"मजा नाही आली?"

"आली ना."

"तू हुशार झालीस बेटा. तुला आता असलेच खेळ पाहिजेत. जुन्यात काय, सगळ्या बैलगाड्या!"

विशाखाने डब्याचं झाकण लावलं. पप्पांना आता आपल्याशी खेळायचा कंटाळा आलाय, असं तिने नंतर रूपालीला सांगितलं. पप्पांना नाही सांगितलं.

मी खाटेखाली गेलो. पेटीवर नवा आला, पण घंटीच्या खेळाला दोघं एकाच वेळी समोरासमोर लागतात. माग सुरू झाले आणि त्या डब्याचं झाकण पुन्हा उघडलं नाही. मला त्याचा राग आला नाही. आनंदही झाला नाही. पुठ्ठा सादळतो तसा मी पडून राहिलो.

विशाखाही तशीच. जेवायची, शाळेत जायची, विचारलं तर "ठीक आहे" म्हणायची. रूपाली तिच्या कपाळाला हात लावून बघायची. ताप नसायचा.

शेवटी रूपालीने मला बाहेर काढून मांडलं. नवऱ्याच्या शर्टाला चिकटलेलं निळं सूत घेतलं, स्वतःच एक घोडेस्वार पुढे सरकवला आणि त्याला ते बांधलं. शाळेतून आलेल्या विशाखाने सोंगटी उचलून बघितली.

"मम्मी, ही गाठ तुझी आहे. पप्पांची अशी फुगत नाही."

"मग?"

"मग काही नाही." तिने घोडेस्वार मागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे रूपालीने धम्मपालला दारातच गाठलं. "अहो, तिला नवा खेळ नकोय."

"मग बोलली का नाही?"

"तुम्ही विचारलंत?"

बाहेर रिक्षावाला ओरडत होता. धम्मपाल दारातून परत आत आला. मग वाकून त्याने घाईघाईत एक गाडी पुढे ढकलली आणि गेला.

दुपारी विशाखा माझ्यासमोर बसली. गाडी नदीच्या पलीकडे उभी होती. पूल बांधल्याशिवाय गाडी नदीपार नेता येत नाही. हा माझा अगदी पहिला नियम. धम्मपाल घाईत चुकला की विसरलाच, कोण जाणे.

"चुकलंय का गं काही?" रूपालीने विचारलं आणि ती गाडी उचलू लागली.

विशाखाने तिचा हात धरला. "राहू दे."

"अगं, पण नियम..."

"राहू दे म्हटलं ना."

तिने आपला घोडेस्वार बाजूला घेतला आणि गाडीला वाट करून दिली. मायेने, की आता तिला काहीच फरक पडत नव्हता म्हणून, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. रूपालीलाही कळलं नसावं. तिने गाडी होती तिथेच राहू दिली.

मित्रांनो, नवे खेळ जरूर आणा. पण मांडलेला डाव समोरच्याला विचारल्याशिवाय आवरू नका. आमच्यासारख्यांचा पुठ्ठा सुटला तर खळ लावून चिकटवता येतो, माणसांचं तसं नसतं. ज्याची खेळी राहिली असेल, त्याला तेवढी करू द्या. उशिरा आली तरी, चुकीची आली तरी.